बन्सीच्या नावाचं ताट

श्रीमंत दहातोंडे पोह्यांवर उठायचे. घोडेगावच्या पंचक्रोशीत ही गोष्ट इतकी पसरली होती की, ते मुलगी बघायला येणार म्हटलं की त्या घरच्या बाया पुरण शिजायला टाकतच नसत.

आता ज्यांना आमच्याकडची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगून टाकतो. मुलगी बघायला गेलं की आधी चहा-पोहे येतात. पोहे खाऊन उठलं की त्याचा अर्थ ‘बघू, कळवतो’. पण पोह्यांनंतर ताट मांडलं आणि मुलाकडचा माणूस त्या ताटावर बसून जेवला, की सोयरीक झाली. मग कुणी कुणाला काही विचारत नाही. ताटावरून हात धुवून उठलेला माणूस व्याही म्हणूनच उठतो. श्रीमंतरावांनी पोरासाठी, म्हणजे पार्थसाठी, नेवासा, शेवगाव, पाथर्डी असे तीन तालुके पालथे घातले, ढिगानं पोहे हाणले, दर दारात ‘कळवतो’ म्हणाले आणि आजतागायत एका माणसाला कळवलं नाही. त्यांना वाटायचं, यात आपला दरारा आहे.

दोष त्यांच्या धंद्याचा होता म्हणा. माणूस जनावरांचा व्यापारी. घोडेगावच्या बाजारात म्हशी घ्यायच्या आणि विकायच्या, यात अख्खी हयात गेलेली. त्या बाजारात एक शिस्त आहे. जी म्हैस मनात भरली तिला नावं ठेवायची. शिंग वाकडं हाय, कास बारकी हाय, नजर चोरटी हाय, असं म्हणत म्हणत तिच्याभोवती फिरायचं. जिच्यात राम नाही तिला खुशाल ‘चांगली हाय’ म्हणायचं आणि पुढं सरकायचं. हीच शिस्त श्रीमंतरावांनी घरीही आणली. लग्न झाल्यापासून बायकोच्या, बनुबाईंच्या, स्वयंपाकाला त्यांनी नावं ठेवली आणि बनुबाई निश्चिंत राहिल्या. एकदा फक्त ते भाजीला ‘बरी झालीय’ म्हणाले. बनुबाईंनी ती भाजी पातेल्यासकट गोठ्यात नेऊन ओतली.

तर अशा माणसाच्या पोटी पार्थ जन्मला. नागापूरच्या एमआयडीसीत कारखान्यात नोकरीला. पोरगं सरळ, पण बापानं पोह्यांवर ठेवून ठेवून तिशीला टेकवलेलं. एका सुट्टीच्या दिवशी कारखान्यातले मित्र त्याला नगरमधल्या ‘खाद्यफेरी’ला घेऊन गेले. म्हणजे पायी फिरायचं, जुन्या वेशी, जुने बाजार बघायचे आणि थांब्याथांब्यावर काहीतरी खायचं. फिरवणारी पोरगी संस्कृती वाबळे. दोन वर्षं कोकणात एका जुन्या बंदराच्या गावी ती पर्यटकांना अशीच फिरवायची, गल्लीबोळांतून माशाचं कालवण आणि सोलकढी खाऊ घालायची. तिथं काम शिकली आणि परत येऊन नगरात स्वतःची फेरी सुरू केली. पार्थ ती फेरी करून घरी आला तो जेवलाच नाही. नंतरचे सलग चार रविवार त्यानं तीच फेरी केली, तेव्हा बनुबाईंना पोटाचं नाही, दुसरंच दुखणं कळलं.

बनुबाईंनी गुपचूप चौकशी केली. जात जुळली, पत्रिका जुळली, कूळ आडवं येईना. आडवं यायला एकटे श्रीमंतराव उरले.

“नाव संस्कृती,” ते म्हणाले, “आन् काम काय, तर परक्या मान्सांना रस्त्यानं खात हिंडवायचं. आमी गुरं चारतो तशी ही मान्सं चारती.”

“आई, मी लग्न करीन तर हिच्याशीच,” पार्थ आईला म्हणाला. बापासमोर बोलायची त्याची छाती नव्हती. आईनं निरोप पोचवला, आणि वर स्वतःचं एक वाक्य जोडलं: “ह्या बारीला पोह्यावं उठला, तर पोरगं घरातनं उठंल. मंग बसा म्हशीबरं.”

इथं श्रीमंतराव जरा चपापले. एकुलतं एक पोरगं. पण माघार घ्यायची म्हणजे दरारा गेला. मग त्यांनी ठरवलं, आपणच जाऊन बघायचं. पोरीकडच्यांना सुगावा लागू न देता फेरीला जायचं, असा एक दोष हुडकून आणायचा की पोरानंच तोंडात मारल्यासारखं गप्प बसावं. बाजारात दात बघितल्याशिवाय जनावर घेत नाहीत, हे त्यांचं तत्त्व. पोरीचे दात बघायला जायचं, आणि तेही दुसऱ्याच्या नावानं.

नाव घेतलं बन्सीचं. बन्सी म्हणजे त्यांचा बाजारातला जोडीदार. नोंदणी त्याच्याच मोबाईलवरून केली. ठरलं असं, की आपण बन्सी, राहुरीच्या शेतकी विद्यापीठातून निवृत्त झालेले कारकून, बायको माहेरी गेल्यामुळं वेळ घालवायला आलेले. सगळं चोख. राहता राहिला वेश. पांढरा सदरा आणि टोपी बघून शेंबडं पोरही ओळखेल, म्हणून त्यांनी टोपी खुंटीला ठेवली आणि दोरीवर वाळत घातलेला पार्थचा निळा टी-शर्ट चढवला. छातीवर पार्थच्या कारखान्याचं नाव होतं. पाठीवर, जिथं माणसाला स्वतःला दिसत नाही तिथं, भल्या मोठ्या अक्षरांत ‘सुरक्षा सप्ताह, नागापूर’ असं छापलं होतं.

“डोळे तपासायला चाललोय नगरला,” ते बनुबाईंना म्हणाले.

बनुबाईंनी त्यांना पुढून बघितलं, मागून बघितलं. “तपासूनच घ्या एकदा,” त्या म्हणाल्या आणि भाकरी थापायला लागल्या.

एसटीच्या पाटीवर अहिल्यानगर लिहिलेलं, कंडक्टर ‘नगर, नगर’ ओरडणारा. श्रीमंतराव माळीवाड्याला उतरले आणि वेशीपाशी आले. तिथं पुण्या-मुंबईची आठ-दहा माणसं जमली होती. पायात पळायचे बूट, पाठीला पिशव्या, हातात पाण्याच्या बाटल्या. वेशीपासून बाजार हाकेच्या अंतरावर, पण तयारी अशी की हिमालयात निघालेत. त्यांच्यात अंगद नावाचा एक पुणेकर होता, गोल टोपी घातलेला. तो आल्याआल्या सगळ्यांना सांगत सुटला की गेल्या महिन्यात त्यानं वेंगुर्ल्याला अशीच फेरी केली.

“तिथं काय होतं, समुद्र होता,” अंगद म्हणाला. “इथं तसा वारा नाही.”

“हितं समुद्र न्हाई,” श्रीमंतराव म्हणाले, “पर उन्हाळ्यात टँकर येतो. त्याच्याम्होरं हुबं ऱ्हा, लाटबी अंगावं येती.”

तेवढ्यात संस्कृती आली. सावळी, ठेंगणी, पायात साध्या चपला, खांद्याला झोळी. तिनं एकेकाचं नाव विचारलं. श्रीमंतरावांनी पाठ केलेलं सगळं सांगितलं. बन्सी, राहुरी, विद्यापीठ, कारकून. तिनं ऐकून घेतलं, छातीवरचं नाव वाचलं, सगळ्यांना मोजायच्या निमित्तानं मागून एक चक्कर मारली, पाठही वाचली. चेहऱ्यावर मात्र काहीच नाही.

“या, बन्सीकाका,” ती म्हणाली. “तुम्ही पुढंच राहा माझ्याबरोबर. सुरक्षित राहाल.”

श्रीमंतरावांना वाटलं, पोरगी म्हाताऱ्यांना मान देती. मग लगेच वाटलं, पुढंपुढं करायची सवय दिसती. दुसरं त्यांनी लक्षात ठेवलं.

पहिला थांबा भेळ-भत्त्याचा. कागदात भत्ता, म्हणजे मसाल्याचे मुरमुरे आणि शेव, वर कांदा, कोथिंबीर, मिरचीचा तुकडा. दुकानापुढं बाकडं होतं, सगळे बसले. श्रीमंतराव बसले नाहीत. त्यांनी एसटीतच स्वतःपुरता कायदा करून ठेवला होता, की पोरीच्या हातचं खायचं, पण उभ्यानं. उभ्यानं खाल्लेलं पोटात जातं, सोयरिकीत जात नाही.

“कांदा लई जाड चिरलाय,” ते म्हणाले आणि कागद चाटून पुसून साफ केला. “भत्त्याला तेल जास्ती हाय. मिरची तिकाट न्हाई.” आणि अजून एक मिरची मागून घेतली.

संस्कृती चालायला लागली तशी बोलायलाही लागली. ही वेस कुणी बांधली, इथं जकात कोण घ्यायचं, निजामशाहीत इराणातून, आफ्रिकेतल्या हबसाणातून माणसं इथं कशी आली, आणि आली तेव्हा त्यांच्याबरोबर मसाले कोणते आले. बोलता बोलता मागं वळून माणसं बघायची, रस्ता बघायची, कुणी मागं राहिलं तर त्याच्यासाठी थांबायची. श्रीमंतराव दोष शोधायला कान टवकारून चालत होते आणि ऐकता ऐकता शोधायचं विसरत होते. बाजारपेठेच्या तोंडाशी तर असे विसरले की थेट रस्त्याच्या मधोमध गेले, आणि समोरून कांद्याचा टेम्पो.

“काका, मागं!”

आवाज असा की टेम्पोवाल्यानं ब्रेक दाबला, पलीकडचा रिक्षावाला थांबला आणि रवंथ करत बसलेली एक गाय उठून उभी राहिली. पाठोपाठ टी-शर्टला मागून हिसडा बसला. श्रीमंतराव कडेला. टेम्पो गेला. संस्कृतीनं त्यांच्या पाठीवरची ‘सुरक्षा सप्ताह’ची सुरकुती हातानं सारखी केली.

“लागलं का?”

“न्हाई,” ते म्हणाले. “पोरीच्या जातीला एवढा आवाज बरा न्हवं.”

पण मनातल्या मनात त्यांनी तो आवाज घोडेगावच्या बाजारात ठेवून पाहिला. शुक्रवारी भरल्या बाजारात, दावं तोडून पळालेल्या वळूपुढं. वळू थांबला. श्रीमंतरावांना स्वतःचाच राग आला.

दुसरा थांबा शलमोनमामांची भट्टी. ख्रिस्ती वस्तीतली जुनी बेकरी, मामांच्या आजोबांपासूनची. लाकडावर भाजलेले टोस्ट, नानकटाई आणि केक. शलमोनमामा सत्तरीचे, पिठानं पांढरे झालेले. त्यांनी सगळ्यांना खुर्च्या दिल्या आणि श्रीमंतरावांपुढं स्वतःची खुर्ची सरकवली.

“बसा हो पाव्हणं. उभ्यानं काय खाता?”

“गुडघा दुखतोय. बसवत न्हाई,” श्रीमंतराव म्हणाले. गुडघा दुखत होता हे खरं. पण तो उभं राहूनच दुखत होता, आणि खुर्चीकडं बघून आणखी दुखत होता.

“तुमच्याकडं नाताळात एवढीच नानकटाई करतात का?” कुणीतरी विचारलं. मामा म्हणाले, नाताळात तर करतोच, पण दिवाळीत ह्याच्या दुप्पट करतो, कारण अख्खं नगर फराळाला इथूनच नेतं. अंगदनं वेंगुर्ल्याच्या बेकरीची आठवण काढली. तिथल्या बेकरीतून म्हणे समुद्र दिसायचा. मामा म्हणाले, “इथून पोस्ट ऑफिस दिसतं. तेही कधीकधी बंद असतं.”

श्रीमंतरावांनी नानकटाई तोंडात टाकली. ती विरघळली. दुसरी टाकली. “तूप वंगाळ हाय,” ते म्हणाले आणि तिसरी उचलली. “भाजायला जरा जास्तच झालीय. वेलदोड्याचा वास डोक्यात जातो.”

अंगदला राहवलं नाही. “काका, तुम्हाला सकाळपासून एकही गोष्ट आवडलेली नाही. मग पैसे भरून आलात कशाला?”

“त्यांना सगळंच आवडतंय,” संस्कृती म्हणाली आणि चौथी नानकटाई श्रीमंतरावांच्या हातावर ठेवली. “आमच्या दादांचा, म्हणजे वडिलांचा, गोठा आहे. म्हशी घ्यायला घोडेगावला जातात, लहानपणी मलाही न्यायचे. तिथं नावं ठेवायला लागलं की समजायचं, गिऱ्हाईक गेलं कामातून.”

श्रीमंतरावांच्या घशात नानकटाई अडकली. मामांनी पाणी दिलं. ते उभ्यानंच प्याले.

नंतरची फेरी त्यांना धड गेली नाही. दाळमंडईत मसाल्याचा घमघमाट, कापड बाजारात गर्दी, गुडघा ठणकतोय, आणि डोक्यात एकच किडा: हिनं घोडेगावचं नाव का काढलं? सहज काढलं का मुद्दाम? त्यांनी ठरवलं, आता कशालाच नावं ठेवायची नाहीत. लस्सी आली. त्यांनी एक घोट घेतला. लस्सी अशी दाट, अशी गार, की जीव सुखावला.

“कशी आहे, बन्सीकाका?” संस्कृतीनं विचारलं.

आता काय म्हणावं? नावं ठेवली तर पकडले जाणार. चांगली म्हटलं तर खोटं बोलल्यासारखं वाटणार, कारण त्यांच्या तोंडात ‘चांगली’चा अर्थ वाईट असाच होता. साठीला आलेला माणूस पेला हातात धरून भर बाजारात घुटमळला. शेवटी म्हणाले, “पांढरी हाय.”

उन्हं तापली तशी संस्कृती सगळ्यांना घेऊन नालेगावच्या बाजूला वळली. “शेवटचा थांबा जेवणाचा,” ती म्हणाली. “घरगुती ताट. शिपी आमटी, बाजरीची भाकरी, पुरणपोळी. खाली बसून, पंगतीत.” एका दारापाशी गोठ्याचा वास आला आणि श्रीमंतरावांना उगीचच गावाला आल्यासारखं वाटलं. माणसं बूट काढून आत गेली. ते वाकून बूट काढणार तोच संस्कृती आडवी आली.

“थांबा, श्रीमंतकाका.”

ते तसेच वाकलेले राहिले.

“पार्थनं मला फोटो दाखवलाय तुमचा. नसता दाखवला तरी त्याचा टी-शर्ट मी ओळखते, चार रविवार बघतेय.” ती हळू बोलत होती, आत ऐकू जाऊ नये अशी. “हे माझं घर आहे. आतापर्यंत बाजार होता, तिथं तुम्ही कुणाच्याही नावानं फिरलात तरी माझं काही गेलं नाही. इथं माझे आईवडील आहेत. इथं खोट्या नावानं बसू देणार नाही मी तुम्हाला. यायचं तर स्वतःच्या नावानं या. नसेल यायचं तर स्टँड ह्या बाजूला आहे. रिक्षा करून देते. आत सांगते, काकांचा गुडघा दुखला.”

श्रीमंतराव सरळ झाले. पहिल्यांदा भयंकर संताप आला. काल जन्मलेली पोरगी मला सांगते! मग त्यांच्या लक्षात आलं, की ती चारचौघांत बोलली असती तर आपली अब्रू वेशीला टांगली गेली असती. ती सकाळपासून बोलली नाही. भत्त्यापाशी नाही, मामांच्या भट्टीत नाही, टेम्पोपुढून ओढलं तेव्हाही नाही. बाजारात गिऱ्हाइकाचं बिंग कळलं तर माणसं तिथंच बोंब ठोकतात. हिनं झाकून ठेवलं. मनातला दोषांचा गठ्ठा त्यांनी उलटापालटा करून पाहिला आणि ते स्वतःशीच म्हणाले, संपलं. म्हैस दावणीला आली.

आता स्वभाव बघा. एवढं कळल्यावर माणसानं नम्र व्हावं की नाही? नाव नको. श्रीमंतरावांना वाटलं, आपण आता उपकार करणार. तीन तालुके ज्याची वाट बघत बसले, ते आज नालेगावात घडणार. श्रीमंत दहातोंडे ताटावर बसणार. पोरीला रडू येईल, तिचा बाप पाया पडेल, आपण म्हणू, राहू द्या, राहू द्या.

“श्रीमंत दहातोंडेच येतोय आत,” ते म्हणाले आणि छाती काढून उंबरा ओलांडला.

आत पंगत मांडली होती. श्रीमंतराव पहिल्या पाटावर जाऊन बसले. सकाळपासून पहिल्यांदाच बसले. गुडघ्यानं सुस्कारा सोडला. संस्कृतीचे वडील आदिनाथ तांब्या-भांडं घेऊन आले, आई रुपालीताई वाढायला आल्या.

“मी श्रीमंत दहातोंडे, घोडेगाव,” त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं. “पार्थचा बाप.”

अंगदनं टोपी काढली. “मग बन्सी कोण?”

आदिनाथांनी बायकोकडं बघितलं, रुपालीताईंनी लेकीकडं बघितलं, आणि आत गेल्या. आत कशाला तरी फोडणी बसली. मग ताटं यायला लागली. अंगदपुढं ताट आलं. वाफाळती शिपी आमटी, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कुरडई, वर तुपाची धार धरलेली पुरणपोळी. त्याच्या शेजारच्या बाईपुढं ताट आलं. सगळ्यांपुढं आलं. श्रीमंतरावांनी बाह्या सरसावल्या, म्हणजे टी-शर्टला जेवढ्या होत्या तेवढ्या.

रुपालीताईंनी त्यांच्यापुढं एक बशी ठेवली. बशीत पोहे होते. बाजूला चहाचा कप.

श्रीमंतरावांनी पोह्यांकडं बघितलं. मग वर बघितलं. “हे काय?”

“चहा-पोहे,” रुपालीताई म्हणाल्या.

“आन् ताट?”

“ताट तुमच्या नावाचं न्हाई. यादीत बन्सीभाऊ हायेत राहुरीचे. ते आले की वाढू.” त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला. आवाजात ना राग, ना चेष्टा. “ही मान्सं गिऱ्हाईक हायेत, त्यांना जेवन. तुमी पाव्हणं. पाव्हण्यांचं आमी रीतीनं करतो.”

“अवो, पर मी जेवायला तयार हाय!” श्रीमंतराव म्हणाले. हे वाक्य आपल्या तोंडून येईल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. “म्हंजी, समजलं का तुमाला? मी ताटावं बसायला तयार हाय.”

“समजलं की,” आदिनाथ म्हणाले आणि समोर मांडी घालून बसले. “तुमी पोरगी बगितली. सकाळधरनं बगितली, चालवून बगितली. आमी पोराला कुठं बगितलंय? तो चार रयवार आला, पर गिऱ्हाईक म्हनून आला. बापासंगं न्हाई आला. आन् बाप आला तर बन्सी हून आला. अशा घरात पोरगी द्यायची तर इचार करावा लागंल का न्हाई?”

श्रीमंतरावांना एकदम ती सगळी घरं आठवली. पाथर्डीकडचं पत्र्याचं घर, जिथं मुलीच्या आजीनं विचारलं होतं, ‘जेवून जाताय ना?’ आणि ह्यांनी मिशीवरून हात फिरवत म्हटलं होतं, ‘कळवतो.’ म्हातारी दारापर्यंत आली होती. हातातला पोह्यांचा घास त्यांना जड झाला. लाज वाटली, सरळ सरळ लाज वाटली, आणि ती लपवायला टोपीसुद्धा नव्हती.

शेजारी अंगदनं पुरणपोळी मोडली. “बाप रे,” तो म्हणाला, “हे वेंगुर्ल्यात नाही.”

श्रीमंतरावांनी पोह्यांचा घास तोंडात घातला. हळूहळू चावला. कढीपत्ता, लिंबू, कोवळा मटार, वर ओलं खोबरं. सगळे त्यांच्याकडं बघत होते.

“मीठ कमी हाय,” ते म्हणाले. “शेंगदाने करपल्यात. कांदा कच्चा ऱ्हायलाय. खोबरं उगंच टाकलंय.”

आदिनाथांच्या मिशा हलल्या. “वाढू का आनखी?”

“वाढा,” श्रीमंतराव म्हणाले.

निघताना दारापर्यंत सगळे आले. आदिनाथांनी हात जोडले आणि म्हणाले, “बगू. कळवतो.”

घरी पोचले तेव्हा बनुबाई गोठ्यात धारा काढत होत्या. वर न बघता त्यांनी विचारलं, “तपासले का डोळे?”

“तपासले.”

“मंग? कशी हाय पोरगी?”

श्रीमंतराव गव्हाणीला टेकले. “ठेंगणी हाय. आवाज म्हंजी बाजार उठंल असला. चालती लई भराभरा, मान्साला दम धरू देत न्हाई. मोठ्या मान्साला उंबऱ्यात आडवती. तोंडावं बोलती. आई तर त्याच्याहून कडक. पोह्यात मीठ—”

“बास,” बनुबाई म्हणाल्या. त्यांचा हात थांबला होता, डोळे भरून आले होते. “एवढी आवडली व्हय?”

मग सुरू झालं वाट बघणं. जन्मात कुणाला न कळवलेला माणूस मोबाईल हातात घेऊन अंगणात फिरायला लागला. रेंज येते का म्हणून माळवदावर चढायचा. पाथर्डीच्या त्या घरी त्यानं एक फोनही केला, पण तिकडून म्हातारीची सून म्हणाली, पोरीचं लग्न होऊन पोरगं चालायला लागलं. श्रीमंतराव ‘बरं झालं’ म्हणाले आणि पहिल्यांदाच ‘बरं’ या शब्दाचा त्यांचा अर्थ खरोखर बरं असा होता.

शुक्रवारी भर बाजारात फोन वाजला. एका हातात म्हशीचं दावं, दुसऱ्या हातात मोबाईल. बन्सी शेजारीच उभा होता, कान देऊन.

“आदिनाथ बोलतोय. ह्या रयवारी या. पोराला घिऊन या, आन् पोराच्या आईला.”

“येतो,” श्रीमंतराव म्हणाले. “एक इचारू का? पोहे का ताट?”

आदिनाथ म्हणाले, “ते पोराला बगून ठरवू.”

फोन बंद झाला. श्रीमंतरावांनी दावं बन्सीच्या हातात दिलं, तिथल्या तिथं पार्थला फोन लावला आणि आधी दाढी करून यायला सांगितलं.